श्रमदान की वेठ?

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील एखाद्या गावसभागृहात हिवाळ्याच्या संध्याकाळी पॅरिश कौन्सिलची बैठक भरते, तेव्हा तिच्यापुढील विषय ऐकून परक्या माणसाला हसू यावे. बसथांब्याच्या छपराला लागलेली गळती, रस्त्याकडेला माजलेले गवत, मुलांच्या क्रीडांगणातील मोडका झोका, दफनभूमीची ढासळलेली भिंत, बंद पडलेला दिवा, एवढ्यावर सात-आठ माणसे दोन-दोन तास बोलत बसतात. शहरी इंग्रज या कारभाराला ‘गावच्या पंपाचे राजकारण’ म्हणून हिणवतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये चेशायरमधील हँडफर्थ येथील पॅरिश कौन्सिलच्या एका दूरदृश्य बैठकीतील भांडणाची चित्रफीत लक्षावधी लोकांनी पाहिली आणि महामारीच्या त्या उदास दिवसांत सारा देश पोट धरून हसला. हसणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी विचारले असेल की, या माणसांच्या हाती नेमके काय आहे, ते त्यांच्या हाती कसे आले, आणि उद्या ती बैठकीला आलीच नाहीत तर गावची भिंत कोण बांधणार आहे?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. गाव नीट ठेवण्याचे काम कोण करतो, त्याचा खर्च कोण सोसतो आणि ते कसे करावयाचे हे कोण ठरवतो, या तीन गोष्टींची उत्तरे पाहिली की त्या समाजातील सत्तेचे खरे रूप ध्यानात येते. करणारा, सोसणारा आणि ठरवणारा एकच असेल तर त्या कामाला श्रमदान म्हणावे. करणारा एक, सोसणारा तोच आणि ठरवणारा मात्र तिसराच असेल, तर त्या कामाचे जुने नाव वेठ असे आहे. इंग्लंडच्या खेड्यांचा गेल्या साडेचारशे वर्षांचा इतिहास या दोन शब्दांमधील अंतराचा इतिहास आहे.

१५५५ च्या हमरस्ता कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या हद्दीतील रस्ते दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी टाकली. गावकऱ्यांनी वर्षातून चार दिवस, आणि पुढे सहा दिवस, रस्त्यावर विनामोबदला राबावे, असा नियम झाला. ज्याच्यापाशी गाडी आणि जनावरे होती त्याने ती पाठवावीत, ज्याच्यापाशी काहीच नव्हते त्याने आपले अंग घेऊन यावे. रस्त्यावरून बग्ग्या धावत त्या जमीनदारांच्या, खडी फोडी मजूर. ही वेठ १८३५ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात टिकून होती. गावचा उरलेला कारभार ‘व्हेस्ट्री’ नावाची सभा पाहत असे. ती चर्चच्या आवारात भरे आणि अनेक गावांत पाद्री, जमीनदार आणि दोन-चार बडे शेतकरी यांच्या मर्जीवर चाले. गरिबांना मदत किती द्यावयाची हेही तेच ठरवीत. १८३४ च्या कायद्याने ते काम त्यांच्या हातून गेले खरे, पण गरिबाच्या वाट्याला त्याऐवजी वर्कहाऊसच्या भिंती आल्या.

याच काळात गावाच्या पायाखालची जमीनही काढून घेतली जात होती. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने पाच हजार दोनशेहून अधिक कुंपणबंदीचे कायदे संमत केले आणि सुमारे अडुसष्ट लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून अधिक भूभाग, त्यांच्या कक्षेत आला. जेथे गरिबाची गाय चरत होती आणि जेथून त्याची बायको सरपण आणत होती, ती गायराने खासगी झाली. गावाची मालमत्ता गेल्यावर गावाची निगा राखण्यात गरिबाचा जीव गुंतावा तरी कशाला? सामायिक निगेची भावना नाहीशी झाली अशी हळहळ आज जे व्यक्त करतात, त्यांनी सामायिक मालकी कोणी नाहीशी केली हेही सांगावयास हवे.

१८९४ च्या कायद्याकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. वॉरविकशायरमधील बारफर्डचा शेतमजूर जोसेफ आर्च याने १८७२ मध्ये वेल्सबर्न येथे एका चेस्टनट वृक्षाखाली मजुरांची सभा घेतली आणि तेथून शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १८८४ मध्ये ग्रामीण मजुराला संसदेसाठी मताचा अधिकार मिळाला. पण ज्याचे मत वेस्टमिन्स्टरला चालते त्याला आपल्या गावात तोंड उघडता येत नाही, ही विसंगती फार काळ टिकणे शक्य नव्हते. १८९४ च्या कायद्याने चर्चच्या सभेकडून गावचा ऐहिक कारभार काढून निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडे दिला. उमरावांच्या सभागृहाने या विधेयकात शक्य तितकी मोडतोड केली. १ मार्च १८९४ रोजी ग्लॅडस्टनने कॉमन्समध्ये आपले अखेरचे भाषण केले ते याच मोडतोडीच्या निषेधार्थ. इंग्लंडमधील स्त्रियांना संसदेचे मत १९१८ मध्ये, तेही अर्धेमुर्धे, मिळाले. गावच्या कौन्सिलसाठी मात्र विवाहित स्त्रीलाही मतदानाचा आणि उभे राहण्याचा अधिकार याच कायद्याने त्याआधी चोवीस वर्षे दिला होता.

कायद्यातील बारकावे पाहण्यासारखे आहेत. गावची वार्षिक सभा संध्याकाळी सहाच्या आत सुरू करता येणार नाही, असे त्यात लिहिले गेले, कारण त्याआधी मजूर शेतावरून सुटत नसे. सभेसाठी शाळेची खोली मिळावी, गावची पायवाट बंद करावयाची तर कौन्सिलची संमती घ्यावी, अशाही तरतुदी होत्या. पण त्याच कायद्यात मालकांचीही सोय होती. सभेतील मतदान प्रथम हात वर करून होई. समोरच्या बाकावर ज्याच्या शेतात आपण राबतो तो बसलेला, आणि ज्या घरात बायकामुले झोपतात तेही त्याच्याच मालकीचे. नोकरी गेली की घर गेले, अशी ही स्थिती होती आणि तिला कायद्याने खरा आळा बसण्यास १९७६ साल उजाडावे लागले. शिवाय गावसभेच्या मंजुरीवाचून कौन्सिलने पौंडामागे तीन पेनीहून अधिक कर बसवावयाचा नाही आणि मंजुरी मिळाली तरी सहा पेनींपलीकडे जावयाचे नाही, असा लगाम होता. मजुराला सत्ता दिली, पण तिजोरीची किल्ली दिली नाही. फेबियन सोसायटीने या कायद्याचा उपयोग कसा करावा हे समजावणारी पत्रके काढली. कायदा कागदावर आला तरी तो वापरणारी माणसे तयार करावी लागतात, हे त्या मंडळींना पुरते ठाऊक होते.

तो वापरला गेला की काय होते, हे नॉरफोकमधील बर्स्टन या गावाने दाखवून दिले. टॉम हिग्डन आणि त्याची पत्नी ॲनी हे शिक्षक दांपत्य १९११ मध्ये तेथील शाळेत आले. टॉम मजुरांची संघटना बांधू लागला. १९१३ च्या पॅरिश कौन्सिलच्या निवडणुकीत तो सर्वाधिक मते घेऊन निवडून आला, मजुरांचे इतर उमेदवारही आले आणि गावचा पाद्री पडला. गावकऱ्यांच्या पडक्या घरांची दुरुस्ती, हा या नव्या कौन्सिलपुढचा प्रश्न होता. पाद्री कौन्सिलमध्ये हरला तरी शाळेच्या व्यवस्थापक मंडळाचा अध्यक्ष तोच होता. १ एप्रिल १९१४ रोजी हिग्डन दांपत्याला शाळेतून काढण्यात आले. त्याच दिवशी शाळेच्या बहात्तर मुलांपैकी सहासष्ट मुले संपावर गेली आणि गावातून मिरवणूक काढून आपल्या शिक्षकांपाशी आली. वर्ग प्रथम गावच्या मैदानावर आणि मग एका सुताराच्या कामठ्यात भरले. १९१७ मध्ये कामगार संघटनांच्या देणग्यांतून स्वतंत्र इमारत उभी राहिली. देणाऱ्यांची नावे तिच्या दगडांवर आजही वाचता येतात. ही संपाची शाळा १९३९ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, चालली.

बर्स्टनचा लढा शाळेचा म्हणून ओळखला जातो, पण त्याची ठिणगी पडली ती कौन्सिलच्या निवडणुकीत. ज्यांना गावच्या पंपाचे राजकारण हास्यास्पद वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावे की बर्स्टनच्या पाद्र्याला ते मुळीच हास्यास्पद वाटले नव्हते. मजुराने संसदेसाठी मत दिले ते त्याने सहन केले. मजूर गावच्या टेबलाशी येऊन बसला आणि घराच्या गळक्या छपराविषयी विचारू लागला, तेव्हा मात्र त्याचा धीर सुटला.

आज इंग्लंडमध्ये सुमारे दहा हजार पॅरिश आणि टाऊन कौन्सिले आहेत आणि त्यांवर जवळपास एक लाख सभासद, बहुतेक विनावेतन, काम करतात. १९७२ च्या कायद्याने, जो १ एप्रिल १९७४ पासून अमलात आला, वरच्या कौन्सिलांची सारी मांडणी बदलली. पण पॅरिश ग्रामीण भागात टिकली. बहुतेक ठिकाणी एक अर्धवेळ कारकून तिचा कारभार सांभाळतो. क्रीडांगणे, दफनभूमी, पादचारी मार्गावरील दिवे, बसथांबे, बाकडी, युद्धस्मारक, गावसभागृह आणि भाजीपाला पिकवण्याची भाडेपट्ट्याची वाफे-जमीन ही तिच्या कामाची क्षेत्रे आहेत. १९४९ च्या कायद्यानंतर सार्वजनिक पायवाटांचे नकाशे तयार झाले, तेव्हा वाटा पायी तुडवून नोंदवण्याचे मोठे काम या कौन्सिलांनीच केले. आज शहरी माणूस सुटीच्या दिवशी शेताच्या कडेने निःशंकपणे चालतो, त्यामागे कुठल्या तरी कौन्सिलच्या सभासदांनी पावसात केलेली ती पायपीट आहे. १९०८ च्या कायद्यानुसार सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली तर वाफ्यांसाठी जमीन देण्याचा विचार करणे कौन्सिलला भाग पडते. सहा सह्यांचा हा हक्क लहान आहे, पण तो दान नसून हक्क आहे.

मात्र ज्या गोष्टी गावाला सर्वांत जास्त छळतात त्या या यादीत नाहीत. रस्त्यावरील खड्डा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. ग्रामीण रस्ते १९२९ च्या कायद्याने कौंटीकडे गेले. खड्डा गावात, चाक मोडते ते गावकऱ्याचे, शिव्या खातो पॅरिशचा सभासद, आणि बुजवण्याचा अधिकार मात्र दूरच्या शहरातील कचेरीला. सभासदाच्या हाती पत्र लिहिणे एवढेच उरते. घरबांधणीच्या अर्जांवर पॅरिशला आपले मत कळवता येते, पण निर्णय वरची कौन्सिल देते. बसगाडी बंद होणार असेल तर पॅरिश ठराव करते. बस बंद होते, आणि पॅरिशने बांधलेला थांबा तेवढा उभा राहतो.

२०१० नंतर सरकारने काटकसरीचे धोरण स्वीकारले. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात स्थानिक संस्थांना केंद्राकडून मिळणारा निधी वास्तव किमतीत जवळजवळ निम्म्याने घटला, असे राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये नोंदवले. वरच्या कौन्सिलांनी मग सार्वजनिक शौचालये, उद्याने, ग्रंथालये, गवतकापणी ही कामे खाली ढकलावयास सुरुवात केली. ‘तुम्हाला हवे असेल तर तुम्ही चालवा’, असा त्याचा अर्थ. याला सत्तेचे विकेंद्रीकरण म्हटले गेले. समाजवाद्यांनी विकेंद्रीकरण हा शब्द ज्या अर्थाने वापरला त्यात निर्णय आणि साधने दोन्ही खाली येणे अभिप्रेत होते. येथे खाली आले ते ओझे.

हे ओझे पेलण्यासाठी पॅरिशपाशी मुख्यतः एकच साधन आहे. वरची कौन्सिल घरपट्टी गोळा करते तिच्यात पॅरिशला आपली रक्कम मिळवता येते. पण ही घरपट्टी मुळातच विषम आहे. तिचे गट एप्रिल १९९१ च्या किमतींवर बेतलेले आहेत आणि सर्वांत वरच्या गटातील वाड्याला सर्वांत खालच्या गटातील घराच्या फक्त तिप्पट कर पडतो, मग प्रत्यक्ष किमतीत दहापट अंतर का असेना. शिवाय ज्या गावात लंडनहून निवृत्त होऊन आलेल्या सुखवस्तूंची वस्ती आहे त्याला पट्टी वाढवणे सोपे जाते. बंद पडलेल्या कोळसाखाणीजवळच्या गावाला ते जमत नाही. परिणामी ज्या गावाला निगेची गरज कमी त्याचे बाकडे रंगवलेले आणि ज्याला गरज अधिक त्याचे मोडलेले, असे चित्र निर्माण होते.

गावाची वस्तीही बदलली आहे. यंत्रे आली आणि शेतमजूर गेला. १९८० च्या कायद्याने सार्वजनिक मालकीची भाड्याची घरे भाडेकरूंना विकत घेण्याचा हक्क दिला. विकल्या गेलेल्या घरांच्या तुलनेत नवी फारशी उभी राहिली नाहीत आणि खेड्यांत ही उणीव अधिकच बोचली. समुद्रकाठची आणि डोंगरातील घरे शहरी धनिकांनी सुटीसाठी घेतली. हिवाळ्यात अशा गावांत अर्ध्या खिडक्या अंधारात असतात. ज्या गावात माणसेच राहत नाहीत, तेथे शाळा, दुकान आणि बस कशी राहावी?

याविरुद्ध लोक लढत नाहीत असे नाही. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज या समुद्रकाठच्या नगरात २०१६ मध्ये स्थानिक आराखड्यावर सार्वमत झाले आणि नवी घरे कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत, असा कौल पाचांपैकी चाराहून अधिक मतदारांनी दिला. जुन्या घरांना हा नियम लागू नाही, ही त्याची मर्यादा. पण घर राहण्यासाठी की नफ्यासाठी, हा प्रश्न मतपेटीपर्यंत गेला, ही गोष्ट लहान नाही. उत्तर यॉर्कशायरमधील हडस्वेल गावातील एकमेव पब २००८ मध्ये बंद पडला. दारूच्या दुकानाचे कौतुक येथील कार्यकर्त्याला खटकेल, पण इंग्रज खेड्यात पब म्हणजे गावची चावडी असते. गावकऱ्यांनी सहकारी संस्था काढली, भाग विकले, २०१० मध्ये ती जागा विकत घेतली आणि तिच्याभोवती छोटे ग्रंथालय, दुकान आणि भाजीचे वाफे उभे केले. हे खरे श्रमदान. करणारे तेच, मालक तेच, ठरवणारेही तेच.

परंतु प्रत्येक गाव हडस्वेल होऊ शकत नाही, आणि हडस्वेलचे उदाहरण दाखवून राज्यसंस्थेने आपली जबाबदारी झटकणे हा लबाडीचा प्रकार आहे. ग्रंथपालाला काढून ग्रंथालय स्वयंसेवकांवर सोपवले जाते, बस रद्द करून शेजाऱ्याने आपल्या गाडीतून म्हातारीला दवाखान्यात न्यावे असे सुचवले जाते, तेव्हा शेजाऱ्याचा चांगुलपणा खरा असला तरी त्या चांगुलपणावर कोणाचे तरी अंदाजपत्रक वाचत असते. १५५५ मध्ये गावकऱ्याने कुदळ घेऊन यावे म्हणून कायद्याचा बडगा होता. आज बडगा नाही, गौरवपत्र आहे. पण ठरवणारा दूर आणि राबणारा गावात, ही मांडणी जर तीच असेल तर गौरवपत्राने वेठीचे श्रमदान होत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने जी श्वेतपत्रिका काढली तिने हा प्रश्न आणखी तीव्र केला. जेथे कौंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन पातळ्या आहेत तेथे डिस्ट्रिक्ट रद्द करून साधारण पाच लाख वस्तीची एकच मोठी कौन्सिल करावी, असे तीत सुचवले आहे. खर्च वाचेल, गोंधळ कमी होईल, हे त्यामागील युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नाहीत. पण पाच लाखांची कौन्सिल आणि पाचशे वस्तीचे गाव यांच्यामध्ये जो अवकाश राहील तो कोणी भरावयाचा? तो पॅरिशने भरावा असे म्हणावयाचे तर तिला निधीचा कायद्याने ठरलेला वाटा आणि स्वतःचे अधिकार द्यावे लागतील. तसे न करता तिला ‘लोकांच्या सर्वांत जवळची संस्था’ म्हणून गौरवणे म्हणजे पुन्हा १८९४ प्रमाणे किल्ली आपल्या खिशात ठेवणे होय.

दोष सारा वरच्यांचाच आहे, असेही नाही. अनेक पॅरिशमध्ये जागांइतकेही उमेदवार उभे राहत नाहीत, निवडणूकच होत नाही. मध्येच जागा रिकामी झाली तर दहा मतदारांनी मागणी केल्यासच पोटनिवडणूक घ्यावी लागते, अन्यथा उरलेले सभासद आपल्या पसंतीचा माणूस घेऊ शकतात. अशा रीतीने १८९४ मध्ये ज्या व्हेस्ट्रीला दाराबाहेर काढले ती खिडकीतून परत येते. जमीनदाराच्या जागी निवृत्त व्यवस्थापक बसतो आणि भाड्याच्या घरातील तरुण आई बैठकीला येत नाही. तिचे मूल ज्या झोक्यावर खेळते त्या झोक्याचा निर्णय तिच्याविना होतो.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला ही कथा परकी वाटू नये. रिपनने १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला तो याच इंग्रज उदारमतवादाच्या मुशीतून, आणि १९२० चा मुंबई इलाख्याचा ग्रामपंचायत कायदा त्याच परंपरेतील. पुढे भारत एका बाबतीत इंग्लंडच्या पुढे गेला. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीला घटनेचा आधार दिला, दलित, आदिवासी आणि स्त्रियांसाठी जागा राखल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. इंग्रज पॅरिशला असे घटनात्मक कवच नाही. पण ‘बिनविरोध’ या शब्दाचा मोह दोन्हीकडे सारखाच आहे. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका रद्द कराव्या लागल्या, कारण पदांचा जाहीर लिलाव झाला होता. इंग्लंडात खुर्ची रिकामी राहते म्हणून मिळते, येथे ती बोली लावून घेतली जाते. दोन्ही ठिकाणी गरिबाच्या हातून मत निसटते.

डाव्या चळवळीने गावच्या लहान कामांकडे तुच्छतेने पाहण्याची चूक दोन्ही देशांत केली आहे. क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्याला गळक्या छपराचा ठराव लिहिणे कमीपणाचे वाटते. टॉम हिग्डनला तसे वाटले नव्हते. गटार, दिवा, पायवाट आणि दफनभूमी यांवर ज्याची सत्ता नाही त्याची संसदेवर सत्ता आहे हे म्हणणे फसवे ठरते. इंग्लंडमधील कष्टकऱ्यांच्या पक्षाने नव्या मोठ्या कौन्सिलांचे नकाशे आखताना पॅरिशच्या निधीचा प्रश्न प्रथम सोडवावा, आणि त्याच्या कार्यकर्त्यांनी निवडणुकीच्या वर्षीच नव्हे तर दर महिन्याच्या बैठकीला जाऊन बसावे. गावसभेची वेळ सहानंतरची ठेवण्यासाठी कायद्यात एक ओळ घालावी लागली होती. ती ओळ आजही कायद्यात आहे. ती ज्यांच्यासाठी लिहिली गेली, त्यांनी खुर्च्या रिकाम्या ठेवू नयेत.